ध्वनिमुद्रिकेचे वांटेकरी

बीडहून मांजरसुंब्यास येऊन पाटोद्याची वाट धरली म्हणजे लिंबागणेश हें गांव लागतें. गांवाचें नांवच देवावरून पडलेलें. येथील भालचंद्र गणपतीचा समावेश गणेशभक्त एकवीस गणेशस्थानांत करतात. उत्सवाच्या दिवशीं अशा देवळाच्या आवारांत ध्वनिवर्धकावर आरत्या आणि भक्तिगीतें लागतात, हें महाराष्ट्रांतील माणसास सांगावयास नको. तींच गीतें वाटेवरच्या चहाच्या हॉटेलांत वाजतात, एस्. टी. ची वाट पाहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर वाजतात, आणि पुण्यामुंबईस आपल्या घरींहि सकाळच्या प्रहरीं रेडिओवर लागतात. गीत एक, गळा एक. परंतु या चार ठिकाणीं तें वाजलें असतां त्या गळ्याच्या धन्यास काय मिळावें, या प्रश्नाचीं उत्तरें मात्र निरनिराळीं आहेत. त्यांचा उलगडा करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ध्वनिमुद्रिका ही बाहेरून एकच वस्तु दिसते. कायद्याच्या दृष्टीनें ती चार भावांच्या सामायिक वाड्यासारखी आहे. शब्द लिहिणारा कवि हा पहिला वांटेकरी. चाल बांधणारा संगीतकार हा दुसरा. खर्च सोसून मुद्रण करविणारा निर्माता किंवा कंपनी हा तिसरा. आणि तें गीत प्रत्यक्ष गाणारा, त्याच्या मागें पेटी, पखवाज, सारंगी किंवा व्हायोलिन वाजविणारा कलावंत हा चौथा. मौज अशी कीं, ऐकणाराला बहुधा या चौथ्याचीच ओळख असते. आपण अमक्या बाईंचें गाणें, तमक्या बुवांचा अभंग असें म्हणतों. त्या मुद्रिकेचा मालक कोण, याची आपणांस दादहि नसते. आपल्या कायद्यानें मात्र ऐंशीं वर्षें याच्या अगदीं उलट केलें. त्यानें मालकाला ओळखलें, कवीला ओळखलें, संगीतकाराला ओळखलें, आणि गाणाराला उंबऱ्याबाहेर उभें ठेवलें.

हें कसें घडलें हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग हे कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहर जान या विख्यात गायिकेचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं तबकड्या येथें तयार होत नसत. मूळ मुद्रणें जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवावीं लागत. तेथील कारागिरांना हिंदी गाणें काय आणि गाणारी कोण हें कसें कळावें? म्हणून गौहर जान गाणें संपतां संपतां इंग्रजींत आपलें नांव स्वतःच उच्चारी, असें सांगतात. आणि तिच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटीं तें नांव आजहि ऐकूं येतें. तिच्या मागें सारंगी धरणाराचें आणि तबला वाजविणाराचें नांव मात्र त्या तबकडीवर छापलेलेंहि नाहीं आणि बोललेलेंहि नाहीं. हा लहानसा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण पुढचें सारें प्रकरण या एका गोष्टीभोंवतीं फिरतें. ज्याचें नांव मुद्रिकेवर चढलें तो उरला. ज्याचें चढलें नाहीं, तो त्याच दिवशीं पैशाच्या वाटेवरून नाहींसा झाला.

इंग्लंडांत १९११ सालीं झालेला स्वामित्वाचा कायदा १९१४ सालीं कांहीं फेरफार करून आपल्याकडे लागू करण्यांत आला. त्यांत ध्वनिमुद्रिकेचा 'कर्ता' कोण मानावा? तर मूळ तबकडी तयार झाली त्या वेळीं जो तिचा मालक असेल तो! पन्नास वर्षेंपर्यंत तिच्यावर त्याची सत्ता. बालगंधर्वांनीं पद गाइलें, मास्टर दीनानाथांनीं तान घेतली, हिराबाई बडोदेकरांनीं सूर लावला. परंतु कायद्याच्या पुस्तकांत त्या मुद्रिकेचा कर्ता म्हणजे मेणाची मूळ तबकडी ज्याच्या मालकीची, तो व्यापारी. गाणाराला मिळे ती बिदागी. कोणा नामवंताला कंपनी खपावर कांहीं टक्के देई, पण तें कराराच्या बळावर. हक्क म्हणून नव्हे.

तबकडी घरोघर वाजत होती तोंवर या गोष्टीची टोंचणी फारशी लागली नाहीं. तबकडी विकली, पैसे झाले, व्यवहार संपला. प्रश्न उभा राहिला तो चहाच्या दुकानामुळें! इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं कारवर्डाइन नांवाच्या पेढीचें एक उपाहारगृह होतें. तेथें गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठीं तबकडी लावीत. ग्रामोफोन कंपनीनें दावा लावला कीं, तबकडी विकत घेतली म्हणून ती चारचौघांत वाजविण्याचा अधिकार विकत घेतला असें होत नाहीं. १९३४ सालीं न्यायालयानें कंपनीचें म्हणणें मान्य केलें. झालें! त्या दिवसापासून तबकडीच्या विक्रीशिवाय तिच्या वादनाचेहि पैसे मिळूं लागले, आणि ते गोळा करण्यासाठीं त्याच वर्षीं तेथील कंपन्यांनीं एक मंडळी स्थापिली. आपल्याकडे 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' ही कंपन्यांची मंडळी १९४१ सालीं निघाली. येथें एका सालाची दुसऱ्या सालाशीं तुलना करावीशी वाटते. मुद्रिकांच्या मालकांनीं वादनाचे पैसे वसूल करण्यासाठीं आपली संस्था १९४१ सालीं उभी केली. ज्यांनीं त्या मुद्रिकांत गाइलें त्यांची अशी संस्था सरकारदरबारीं नोंदली गेली ती २०१३ सालीं. मध्यें गेलीं बहात्तर वर्षें.

या बहात्तर वर्षांत कोणी तक्रार केली नाहीं असें मात्र नव्हे. १९६० नंतरच्या सुमारास लता मंगेशकर यांनीं, गाण्याच्या कमाईंत गायकाचाहि वांटा असावा असा आग्रह धरला. मोहम्मद रफी यांचें मत निराळें होतें. निर्मात्यानें ठरलेली बिदागी दिली, आम्हीं गाणें दिलें, आतां पुढें मागणें कसलें, असें त्यांना प्रामाणिकपणें वाटे. या मतभेदापायीं त्या दोघांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणेंच सोडून दिलें होतें. पुष्कळ लोक ही गोष्ट दोन थोरांच्या रुसव्याची म्हणून चवीनें सांगतात. मला ती तशी वाटत नाहीं. मराठवाड्यांतील शेतकऱ्यास हा वाद एका वाक्यांत समजेल, कारण रोजंदारी आणि बटई यांतील फरक तो जन्मापासून पाहतो. रोजंदारीवाल्यानें संध्याकाळीं मजुरी घेतली कीं पुढें पीक सोळा आणे येवो कीं चार आणे, त्याचा संबंध सुटला. बटईवाला पिकाचा भागीदार असतो. रफीसाहेब म्हणत होते कीं गायक हा रोजंदारीवर आहे. लताबाई म्हणत होत्या कीं तो बटईदार आहे. रफीसाहेबांच्या म्हणण्यांत एक प्रकारचा दिलदारपणा होता, तो मी नाकारीत नाहीं. पण जें पीक एका हंगामांत संपत नाहीं, साठ साठ वर्षें दररोज कापलें जातें, त्याच्यावर एका दिवसाची मजुरी देणें हा हिशेब बरोबर कसा म्हणावा?

कायदा मात्र अजून जागचा हलला नव्हता. १९५७ चा आपला स्वतःचा कायदा १९५८ च्या जानेवारींत अंमलांत आला. त्यांतहि गायकवादकांस जागा नव्हती. १९६९ सालीं 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली, पण ती कवि, संगीतकार आणि संगीताचे प्रकाशक यांची. या सोसायटीचाच एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७७ सालीं निकाल झाला कीं, निर्मात्यानें पैसे देऊन चित्रपटासाठीं संगीत करवून घेतलें असेल तर, निराळा करार नसतां, त्याचा पहिला मालक निर्माताच होय. म्हणजे गायक राहिला बाजूस, संगीतकारहि बाहेर गेला! त्या निकालास न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं एक लहानशी पुरवणी जोडली आहे. ज्या देशांत गाणें हें लिहिलेल्या स्वरलिपींत नसून गाणाराच्या गळ्यांत असतें, त्या देशाच्या कायद्यानें गायकाला कांहींच हक्क देऊं नये हें आपल्या परंपरेस विसंगत आहे, असा तिचा आशय. न्यायालयाला कायदा बदलतां येत नाहीं. पण योग्य जागीं बोट ठेवतां येतें.

गायकाची ही स्थिति, मग त्याच्या मागें बसणाराची काय असेल? मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ कित्येक वर्षें गोंव्याच्या वादकांनीं तोलून धरला. सेबास्तियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस यांसारख्यांनीं संगीतकाराच्या चालीवर वाद्यांची बांधणी केली. कोठें व्हायोलिनें उचलावयाचीं, कोठें बांसरी एकटी सोडावयाची, हें कागदावर उतरवून दिलें. आज आपण जें गुणगुणतों त्यांत गीताचे शब्द जितके, तितकाच तो मधला वाद्यांचा तुकडाहि असतो. गोन्साल्व्हिस यांचें नांव लोकांच्या तोंडीं आलें तें कसें, तर १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील एका पात्रास तें मिळालें म्हणून! त्या चित्रपटाचे एक संगीतकार प्यारेलाल हे त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्यानें गुरूची आठवण अशी ठेवली. शिष्याचा गुण म्हणून हें फार गोड आहे. पण ज्याच्या हातानें शेंकडों गाणीं सजलीं, त्याचें नांव गाण्याचा वाटेकरी म्हणून न येतां गाण्यांतील विनोदी पात्र म्हणून यावें, याला काय म्हणावें?

अखेर १९९४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन 'सादरकर्त्या कलावंताचा हक्क' प्रथम जन्मास आला. १० मे १९९५ पासून तो अंमलांत आहे. त्याची मुदत आरंभीं पंचवीस वर्षें होती, ती १९९९ च्या दुरुस्तीनें पन्नास झाली. कलावंत कोणास म्हणावें याची यादी वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटु, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांचींहि नांवें तींत आहेत. म्हणजे आतां आपणांपुढें बोलणारा मी आणि चावडीपुढें पुंगी वाजविणारा गारुडी हे कायद्याच्या एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसलों आहों. मला त्यांत कमीपणा वाटत नाहीं!

परंतु या पहिल्या दुरुस्तींत एक मोठें भगदाड होतें. चित्रपटांत आपलें गाणें घालण्यास कलावंतानें एकदां संमति दिली कीं त्याचा हक्क संपे. आणि त्या काळीं लोकप्रिय गाणें म्हणजे बहुधा चित्रपटाचेंच. २१ जून २०१२ पासून अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें तें बुजविलें. आतां संमति दिल्यावर चित्रपट अडवून धरतां येत नाहीं, हें योग्यच आहे. पण सादर केलेली कला व्यापारी उपयोगास लावली गेल्यास कलावंत स्वामित्वशुल्कास पात्र राहतो. कवि व संगीतकार यांच्या बाबतींत तर कायदा असें म्हणतो कीं, हक्क विकत घेणाराशीं समसमान वांटा घेण्याचा त्यांचा अधिकार त्यांनीं स्वतः लिहून दिला तरी जात नाहीं. गरजू माणूस सही करतांना काय काय सोडून देतो, हें ओळखून केलेली ही तरतूद आहे. कलावंताच्या कलमांत मात्र वांटा 'आहे' एवढेंच म्हटलें; 'किती' हें तेथें लिहिलेलें नाहीं. आणि जेथें आंकडा लिहिलेला नाहीं, तेथें दुबळ्या पक्षाला तो मागून, भांडून, वाटाघाट करून मिळवावा लागतो.

याच २०१२ च्या दुरुस्तींत एक असें पोटकलम आहे कीं, तें वाचून मी कांहीं वेळ थबकलों. चित्रपटांत ज्याचें काम किरकोळ वा प्रासंगिक स्वरूपाचें आहे, आणि धंद्याच्या नेहमींच्या रिवाजाप्रमाणें ज्याचें नांव श्रेयनामावलींत किंवा कोठेंच येत नाहीं, तो या कायद्यापुरता कलावंत समजावयाचा नाहीं. त्याची कला विकृत करून दाखविली तर तक्रार करण्याचा तेवढा अधिकार त्याला ठेवला आहे. एरव्हीं कायद्यानें प्रत्येक कलावंताला आपलें नांव जाहीर व्हावें असा हक्क दिला आहे. तो हक्क या माणसाला नाहीं. आतां हें चक्र पाहा. नांव छापलें नाहीं म्हणून तो कलावंत नव्हे. आणि कलावंत नव्हे म्हणून नांव छापा असें म्हणण्याचा त्याला अधिकार नाहीं! घोळक्यांत उभ्या राहणाऱ्या माणसासाठीं हें पोटकलम केलें असेल, हें मी समजूं शकतों. पण दहावें व्हायोलिन वाजविणारा किरकोळ कीं नाहीं, हें कोण ठरविणार? ज्याच्या खिशांतून पैसे जावयाचे तो धंदाच जर 'आमच्यांत नांव देण्याचा रिवाज नाहीं' असें म्हणूं लागला, तर त्याच्याच साक्षीवर निकाल लागावयाचा.

हक्क कागदावर आला तरी एकट्या गायकानें गांवोगांवच्या उपाहारगृहांतून पैसे गोळा करीत हिंडावें, हें शक्य नाहीं. म्हणून संस्था लागते. २०१३ सालीं 'इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन' ही नोंदली गेली. चित्रपटांतील नामवंत पार्श्वगायकांचा पुढाकार तिच्या मागें होता. २०१६ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत उपाहारगृहांविरुद्धच्या दाव्यांत तिच्या बाजूनें निर्णय झाले, आणि ब्रिस्टलच्या चहाच्या दुकानांत सुरू झालेली गोष्ट ब्याऐंशीं वर्षांनीं गायकाच्या दारापर्यंत आली. पुढें वादकांनाहि सामावून घेण्यांत येऊन संस्थेच्या नांवांत 'म्युझिशियन्स' हा शब्द वाढला. अशा संस्थांच्या कारभारासाठीं २०१२ च्या दुरुस्तीनें एक चांगला दंडक घातला आहे. कार्यकारी मंडळावर निर्माण करणारे आणि हक्काचे मालक यांची संख्या समान असावी, सर्व सभासदांचे अधिकार सारखे असावेत, आणि पैसे वांटतांना भेद करूं नये. पूर्वीं अशा मंडळ्यांत मालकांचें पारडें जड होऊन कवि आणि संगीतकार यांना आपल्याच पैशाचा हिशेब मागावा लागे, त्यावरून आलेलें हें शहाणपण आहे.

पण प्रतिनिधित्व म्हणजे केवळ खुर्च्यांची संख्या नव्हे. स्वामित्वशुल्क वांटलें जातें तें नोंदींवरून. कोणत्या केंद्रावर कोणतें गाणें किती वेळां लागलें, कोणत्या सेवेवर किती लोकांनीं ऐकलें, याच्या याद्या येतात. त्या याद्यांतील नांव सभासदाच्या नांवाशीं जुळलें कीं पैसे त्याच्या खात्यांत जातात. जें नांव यादींत नाहीं, किंवा ज्या नांवाचा माणूस सभासद नाहीं, त्याचे पैसे कोठें जावयाचे? मुंबईच्या स्टुडिओंत रोज जाणाऱ्या गायकाला ही वाट ठाऊक असते. बीड जिल्ह्यांतील गोंधळी, वाघ्यामुरळी, भारुडकरी, हलगीवाला यांना ती ठाऊक असण्याचें कारण काय?

आणि नेमकें याच लोकांच्या बाबतींत हा चौथा हक्क सर्वांत मोलाचा आहे. तें कसें, हें सांगितल्याशिवाय माझें बोलणें पुरें होणार नाहीं. लिंबागणेशच्याच एखाद्या भजनी मंडळाची कल्पना करा. एक मुख्य गायक, चारदोन टाळकरी, एक पखवाजवाला, एक पेटीवाला. त्यांनीं दासोपंतांचें एखादें पद मुद्रित करून दिलें. दासोपंत आंबेजोगाईचे, म्हणजे याच जिल्ह्याचे. ते १६१५ सालीं समाधिस्थ झाले. त्यांच्या शब्दांवर कोणाचेंच स्वामित्व उरलेलें नाहीं, तें साऱ्या समाजाचें धन आहे. चाल परंपरेची, तिचाहि कोणी मालक नाहीं. म्हणजे चार वांटेकऱ्यांपैकीं पहिले दोन येथें नाहींतच. उरले दोन, मुद्रण करणारी कंपनी आणि गाणारे वाजविणारे. चित्रपटांतील गायकाच्या हातून हा हक्क निसटला तरी कवीला आणि संगीतकाराला कांहीं तरी मिळतें. भजनी मंडळाच्या हातून तो निसटला कीं सगळेंच कंपनीचें. परंपरेचें गाणाऱ्याला गळ्याखेरीज आणि हाताखेरीज दुसरी इस्टेट नाहीं.

याच जिल्ह्यांतील एक खरें उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हां यांनीं जात्यावरच्या ओव्या जमविण्याचें अचाट काम हातीं घेतलें. महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टिपल्या. १९९६ सालीं माजलगांवच्या भीमनगरांत तेथील बायांनीं डॉ. आंबेडकरांविषयींच्या ओव्या गाइल्या, त्या ध्वनिमुद्रित झाल्या. या संग्रहाचा विशेष असा कीं, ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांवहि नोंदलें गेलें. हें काम अभ्यासाचें, व्यापाराचें नव्हे. त्यामुळें तेथें शुल्काचा प्रश्न येत नाहीं. पण समजा, उद्यां एखाद्या कंपनीनें असा आवाज उचलून एखाद्या नव्या गाण्यांत बसविला. १९९६ चें गायन कायदा अंमलांत आल्यानंतरचें आहे, आणि पन्नास वर्षांची मुदत धरतां २०४६ अखेरपर्यंत त्या बायांचा हक्क जिवंत आहे. त्यांची परवानगी मागितली पाहिजे, मोबदला दिला पाहिजे. आणि तो कोणाला द्यावयाचा हें सांगतां येतें, कारण अभ्यासकांनीं नांवें लिहून ठेवलीं! पैशाचा हिशेब करणाऱ्या धंद्याला जें सुचलें नाहीं, तें पैशाशीं संबंध नसलेल्यांनीं सहज केलें.

तें लिंबागणेशचें मंडळ मी मध्येंच सोडून आलों; त्याच्याकडे परत जाऊं. कंपनी त्यांच्यापुढें कागद ठेवील. त्यांत 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द असतील आणि खालीं एक ठोक रक्कम असेल. सही करण्यापूर्वीं दोनतीन गोष्टी विचाराव्यात. मुदत किती? कायद्याप्रमाणें मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पांच वर्षांचें समजलें जातें, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तें भारतापुरतें. 'कायमचे' हा एक शब्द ही सवलत गिळून टाकतो, म्हणून त्याच्यावर हुज्जत घालावी. दुसरें, दिलेली रक्कम ही किंमत आहे कीं उचल? बीडच्या माणसाला उचल समजावून सांगावी लागत नाहीं. ऊसतोडीला जाणारें जोडपें मुकादमाकडून हंगामाआधीं उचल घेतें आणि मग कोयत्यानें ती फेडतें. गाण्याच्या धंद्यांतहि 'आगाऊ' म्हणून दिलेले पैसे पुढच्या शुल्कांतून वळते करून घेण्याची चाल आहे. उचल असेल तर हिशेब कोण ठेवणार, दर किती, आणि हिशेबाची वही पाहतां येईल कीं नाहीं, हें लिहून घेतलें पाहिजे. नाहीं तर ती कधींच फिटत नाहीं, हें ऊसतोड्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? तिसरी आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नांवें. मुख्य गायकाचें एकट्याचें नव्हे. पखवाजवाल्याचें, पेटीवाल्याचें, प्रत्येक टाळकऱ्याचें पूर्ण नांव आणि गांव करारास जोडलेल्या कागदावर, मुद्रिकेच्या वेष्टनावर, आणि आतांच्या काळांत कंपनी जी माहिती संगणकीय सेवांना पुरविते तींत आलें पाहिजे. 'लिंबागणेश भजनी मंडळ आणि साथीदार' एवढ्यानें भागत नाहीं. 'साथीदार' या नांवाचें बँकेंत खातें नसतें.

यावर कोणी म्हणेल कीं जीं नांवें मागेंच हरवलीं त्यांचें काय? गौहर जानच्या सारंगियाला आतां कोठें शोधणार? अमेरिकेंतील वादकसंघानें या प्रश्नाला एक निराळें उत्तर दिलें होतें. १ ऑगस्ट १९४२ पासून, पेट्रिलो हे अध्यक्ष असतांना, तेथील वादकांनीं तबकडींसाठीं वाजविणेंच बंद केलें. तबकडी वाजूं लागल्यामुळें प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांचा रोजगार जातो, तेव्हां तिच्या मिळकतींतून त्यांना भरपाई मिळाली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. १९४३ मध्यें एक आणि १९४४ च्या नोव्हेंबरांत उरलेल्या दोन मोठ्या कंपन्या नमल्या. विकलेल्या प्रत्येक तबकडीमागें कांहीं रक्कम सामायिक निधींत जमा होऊं लागली, आणि तींतून बेकार वादकांना लोकांसाठीं मोफत कार्यक्रम करण्याचें काम मिळूं लागलें. १९४७ च्या कायद्यानें या व्यवस्थेस अडथळा आणला, तेव्हां १९४८ सालीं पुन्हां संप झाला आणि निधि निराळ्या विश्वस्तांच्या हातीं देऊन चालूं ठेवण्यांत आला. कोणत्या तबकडींत कोणीं वाजविलें हें हुडकीत न बसतां, तबकडीचा फायदा वादकवर्गाकडे वळविण्याची ही युक्ति होती. धनी सांपडत नाहीं म्हणून पैसे मालकाच्या किंवा संस्थेच्या तिजोरींत पडूं देण्यापेक्षां, ते लोककलावंतांच्या औषधपाण्याकडे आणि वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळविले, तर मला तें अधिक न्याय्य वाटतें. त्या निधीच्या मंडळावर मात्र हलगीवाला बसलेला असावा. त्याच्या वतीनें बोलणारा दुसराच कोणी नव्हे.

आतां आरंभीं सांगितलेल्या चार ठिकाणांचा हिशेब देतों. देवळांत धार्मिक विधीच्या ओघांत मुद्रिका वाजली, तर कायदा कोणासच कांहीं द्यावयास सांगत नाहीं. लग्नाची वरातहि याच सवलतींत येते. भालचंद्राच्या आरतीवर कोणी पावती फाडणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. चहाच्या हॉटेलाचें तसें नाहीं. गिऱ्हाइकांपुढें मुद्रिका वाजवावयाची तर परवाना हवा, आणि त्या पैशांत गाणाराचा वांटा आहे. मुलाच्या मोबाइलवर वाजतें तेव्हां मुलगा कांहीं देणें लागत नाहीं. त्याला तें ऐकविणारी सेवा देणें लागते, कारण ती वर्गणी किंवा जाहिराती यांवर कमावते. आपल्या घरीं सकाळीं रेडिओ लागतो, तेव्हां आपणहि कांहीं देणें लागत नाहीं. देणें लागतें तें प्रक्षेपण करणारें केंद्र. निवेदक गाण्याआधीं गायकाचें नांव सांगतो, तें आपण बहुधा चहाचा कप शोधतांना ऐकतों. पुढच्या वेळीं तें नांव पुरतें ऐका, आणि त्याच्या पाठोपाठ पखवाजवाल्याचें नांव आलें कीं नाहीं, तेंहि पाहा.